रस्त्यात पडलेल्या अनोळखी माणसासाठी थांबायचे आहे? आधी हे शिकून ठेवा

यरुशलेमहून यरीहोला जाणारा रस्ता सगळा उतरणीचा. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, तर यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे २५० मीटर खाली. मध्ये ओसाड डोंगर, वळणे आणि लुटारूंना लपायला कपारी. प्रभू येशूने दृष्टान्तासाठी हा रस्ता घेतला, तेव्हा तिथे एकट्याने थांबण्यात काय धोका आहे हे ऐकणाऱ्यांना समजावून सांगावे लागले नसेल.

लूककृत शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायातल्या या दृष्टान्तात लुटारूंनी मारून टाकलेल्या जखमीला पाहून याजक आणि लेवी (मंदिराचा सेवक) पलीकडून निघून गेले, यावर आपण पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. मागून आलेल्या शोमरोन्याने, म्हणजे यहूदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत अशा समाजातल्या माणसाने, काय काय केले ते मात्र सावकाश वाचून पाहा. त्याला कळवळा आला, एवढ्यावर प्रभू थांबत नाही. तो माणूस जवळ गेला. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्या बांधल्या. जखमीला आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, त्याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी दोन दीनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असे सांगितले. त्याच्याकडे तेल होते, पट्टीला कापड होते, जनावर होते, पैसे होते आणि थोडा वेळ होता. एवढे जवळ होते म्हणून कळवळ्याचा त्या जखमीला उपयोग झाला.

आपण न थांबता पुढे जातो ते मन दगडाचे असते म्हणून नव्हे, असे माझे प्रामाणिक मत आहे. काय करायचे ते ठाऊक नसते, पोलिसांच्या लचांडाची धास्ती असते आणि कुठेतरी पोहोचायची घाई असते. या तिन्हींची तयारी घरी बसून करता येते. रस्त्यावर ठरवू म्हटले तर ठरेपर्यंत गाडी अर्धा किलोमीटर पुढे गेलेली असते.

हा लेख मुख्यतः रस्ते अपघातांविषयी आहे. २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. नगर-पुणे रस्ता काय, वसईजवळून जाणारा मुंबई-अहमदाबाद हायवे काय, आपल्या कितीतरी मंडळ्यांची, म्हणजे चर्चची, माणसे रोज याच रस्त्यांवरून जातात.

निघण्याआधी

गाडीच्या डिकीत एक कापडी पिशवी कायम असू द्या. तिच्यात रबरी हातमोज्यांच्या दोन-तीन जोड्या, गुंडाळपट्ट्या, स्वच्छ धुतलेल्या सुती साडीच्या किंवा धोतराच्या रुंद पट्ट्या, बोथट टोकाची कात्री, बॅटरी, चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट, एक चादर, कागद आणि पेन ठेवा. चादर दोन कामांना येते: जखमीला ऊब मिळते, आणि कपडे फाटले असतील तर अंग झाकता येते. दुसरे काम पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे. दुचाकीवाल्यांनी निदान हातमोजे आणि पट्ट्या सीटखाली ठेवाव्यात.

त्या काळी दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. मत्तयाच्या २०व्या अध्यायातल्या द्राक्षमळ्याच्या मालकाने मजुरांशी हाच दर ठरवला होता. म्हणजे शोमरोन्याने दोन दिवसांची कमाई काढून दिली. मी तर सुचवीन की आपल्या दोन दिवसांच्या कमाईइतकी रोख रक्कम वेगळ्या पाकिटात घालून गाडीतच ठेवावी. रात्री दोन वाजता तालुक्याच्या ठिकाणी औषधाच्या दुकानात फोनवरून पैसे जातीलच याचा भरवसा नसतो. शिवाय पैसे आधीच बाजूला काढलेले असले की देताना मन कचरत नाही.

फोनमध्ये तीन क्रमांक असू द्या. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस आणि कोणत्याही तातडीच्या मदतीसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३.

राहिला वेळ. रविवारी उपासनेला निघताना वीस मिनिटे हातात ठेवून निघा. याजक आणि लेवी दोघेही मंदिराशी बांधलेले लोक होते, ही गोष्ट मला फार लागते. देवाच्या कामाची घाई हीच देवाच्या कामात आडवी येऊ शकते. पाळकांनी एकदा वेदीवरून स्पष्ट सांगावे की वाटेत कोणासाठी थांबल्यामुळे जो उशिरा आला त्याला उशीर झाला असे ही मंडळी मानणार नाही.

पहिली दोन मिनिटे

आधी स्वतःला वाचवा. यात स्वार्थ नाही. मदतीला धावलेला माणूस मागून येणाऱ्या ट्रकखाली सापडला तर जखमी दोन होतात आणि मदतनीस एकही उरत नाही. गाडी रस्त्याच्या कडेला, शक्यतो अपघाताच्या थोडी पुढे लावा. चारही इंडिकेटर चालू करा. गाडीतला लाल त्रिकोण मागच्या बाजूला निदान पन्नास पावलांवर ठेवा, हायवेवर त्याहून बराच लांब. जाकीट घाला. जमलेल्यांपैकी एकाला बॅटरी देऊन मागची वाहने हळू करायला उभे करा. पेट्रोलचा वास येत असेल तर कोणी विडी-सिगारेट पेटवणार नाही याकडे लक्ष द्या.

मग फोन. ‘कोणीतरी १०८ला फोन लावा’ असे ओरडलात तर प्रत्येकाला वाटते दुसऱ्याने लावला. एका माणसाकडे बोट दाखवून सांगा, ‘दादा, निळा शर्ट, तुम्ही १०८ लावा आणि काय म्हणाले ते मला येऊन सांगा.’ ठिकाण सांगताना किलोमीटरचा दगड, जवळचे गाव, ढाबा किंवा टोलनाका, आणि कोणत्या दिशेची बाजू, एवढे सांगायचे. जखमी किती, शुद्धीवर किती, हेही. समोरचा माणूस ठेवा म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

गाडी थांबवणे नेहमीच शहाणपणाचे असते असे नाही. रात्री एकट्या असलेल्या बाईने, किंवा लेकरे गाडीत असताना, निर्जन जागी उतरू नये. कोणीतरी बनावट अपघात दाखवून गाडी अडवतो आहे अशी शंका आली तरी उतरू नये. दारे बंद ठेवून पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत किंवा नाक्यापर्यंत जा, तिथून ११२ला फोन करा आणि तिथल्या माणसांना सोबत घेता आले तर परत या. असा फोन करणारा माणूस पलीकडून निघून गेला असे कोणी म्हणू शकणार नाही.

जवळ गेल्यावर

यहूदी आणि शोमरोनी एकमेकांशी संबंध ठेवत नसत, असे योहानाच्या ४थ्या अध्यायात आहे. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी सावलीचाही विटाळ मानून रस्त्याच्या कडेने जाणारी माणसे डोळ्यांनी पाहिली आहेत. तेव्हा जखमीला हात लावताना त्याचे आडनाव, त्याच्या गळ्यातली माळ, ताईत, क्रूस यांतले काहीही आपल्या हाताचा वेग कमी करणार नाही, याची खबरदारी आपण इतरांहून जास्त घ्यायला हवी.

गुडघ्यावर बसा, तोंडाजवळ जा, नाव सांगा. ‘मी इथेच आहे, गाडी येते आहे, मान हलवू नका.’ जखमीला सगळ्यात आधी हे ऐकायचे असते. बाई असेल तर शक्यतो जमावातल्या एखाद्या बाईला पुढे बोलवा, पण कोणी नाही म्हणून हात आखडू नका.

दारूचा वास आला की लोक ‘बेवडा आहे’ म्हणून मागे सरतात. डोक्याला मार लागलेला माणूस आणि रक्तातली साखर उतरलेला मधुमेही हे दोघेही असेच बरळतात, झोकांड्या खातात. प्यायलेला असला तरी डोके फुटलेले असू शकतेच. त्यामुळे बेशुद्ध किंवा बरळणारा माणूस दिसला की तो आजारी आहे असेच धरून चालायचे.

श्वास, रक्त, मान

खांद्यावर थोपटून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नसेल तर छातीकडे पाहत जास्तीत जास्त दहा सेकंद श्वास तपासा. अधूनमधून आचके येत असतील तर तो श्वास समजू नका. श्वास नसेल तर छाती दाबायला लागा. माणूस कठीण जमिनीवर उताणा, एका तळहाताचा मनगटाकडचा भाग छातीच्या मधोमध, त्यावर दुसरा हात, कोपरे ताठ. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटीमीटर खाली गेली पाहिजे, आणि प्रत्येक दाबानंतर पूर्ण वर आली पाहिजे. वेग मिनिटाला १०० ते १२०. दर दोन मिनिटांनी दुसऱ्याला बसवा, कारण थकलेल्या हातांचे दाब उथळ पडतात. तोंडाने श्वास देण्याचे शिक्षण नसेल तर नुसती छाती दाबत राहा. रुग्णवाहिकेची माणसे येऊन बाजूला करेपर्यंत थांबायचे नाही.

रक्त वाहत असेल तर हातमोजे घाला (नसतील तर स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळा) आणि कापडाची घडी जखमेवर ठेवून जोरात दाबा. दाबून धरा आणि धरूनच राहा. थांबले का हे दर मिनिटाला उचलून पाहू नका. घडी भिजली तर तिच्यावरच दुसरी ठेवा, पहिली काढू नका. काच, सळई, लाकूड शरीरात घुसले असेल तर उपसू नका, त्याच्या दोन्ही बाजूंनी कापड लावून ते हलणार नाही असे करा. दोरीने हातपाय करकचून आवळण्याची आपल्याकडे सवय आहे. ते शिकलेल्या माणसावर सोडा. बहुतेक जखमांना सरळ दाब पुरतो.

आता मान. आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान इथे होते. कळवळून चार माणसे धावतात, एक हात धरतो, दुसरा पाय, आणि जखमीला रिक्षात मुडपून बसवतात. मणक्याला इजा असेल तर त्या अर्ध्या मिनिटात माणूस जन्माचा अपंग होऊ शकतो. आग, पाणी किंवा अंगावर येणारी वाहने यांचा धोका नसेल तर जिथे आहे तिथेच ठेवा. एकाने डोक्यामागे बसून दोन्ही हातांनी डोके स्थिर धरायचे. हेल्मेट घातलेले असेल तर काच वर करा आणि हेल्मेट तसेच राहू द्या. श्वास अडतो आहे किंवा उलटी कोंडते आहे असे दिसले तरच काढा, आणि तेही दोघांनी: एकाने मान धरायची, दुसऱ्याने हळूहळू ओढायचे.

बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे आणि उलटी होते आहे, अशा वेळी डोके, खांदे, कंबर एका रेषेत ठेवून सगळे शरीर एकदम कुशीवर वळवा. रुग्णवाहिका येणारच नसेल, आडबाजूच्या खेड्यात असे घडते, तर पाठीमागे मोकळी जागा असलेला टेम्पो शोधा आणि दार, फळी किंवा बाज यावर सपाट झोपवून न्या.

आणि पाणी. तहानलेल्याला पाणी पाजणे ही आपल्या मातीतली सेवा आहे, आणि माझ्या नावाने गार पाण्याचा प्याला देणाऱ्याचे प्रतिफळ बुडणार नाही असे प्रभूनेही म्हटले आहे. तरीही गंभीर अपघातातल्या जखमीला पाणी देऊ नका, तो मागत असला तरी. अर्धवट शुद्धीत पाणी श्वासनलिकेत जाते, आणि शस्त्रक्रियेसाठी भूल द्यायची असेल तर पोट रिकामे असावे लागते. ओठ ओल्या कापडाने पुसा आणि का देत नाही ते त्याला सांगा.

फिट आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवणे, मुठीत किल्ल्या देणे, दातांत चमचा घालणे यांतले काहीही करू नका. आजूबाजूच्या टणक वस्तू हलवा, डोक्याखाली मऊ काहीतरी सारा, घड्याळ बघा, झटके थांबले की कुशीवर वळवा. पाच मिनिटांत थांबले नाहीत तर १०८. उन्हाने कोसळलेल्याला सावलीत न्या, अंग ओले करून वारा घाला. बरळत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर तो उष्माघात समजून लगेच रुग्णालय गाठा.

पोलिसांची भीती कशाला

‘मदत केली तर आपल्यालाच अडकवतील’ हे वाक्य मी मंडळीतल्या भल्या, श्रद्धाळू माणसांच्या तोंडून ऐकले आहे. ते आज खरे नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आले, आणि २०२०मध्ये त्याचे नियम झाले. चांगल्या हेतूने, मोबदल्याच्या अपेक्षेशिवाय मदत करताना जखमीला काही इजा झाली किंवा तो दगावला, तरी तुमच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव, पत्ता, ओळख सांगण्याची सक्ती पोलिसांसह कोणीही करू शकत नाही. साक्षीदार व्हायचे की नाही हे तुम्ही ठरवायचे. झालात तर तुमच्या सोयीच्या वेळी आणि ठिकाणी जबाब घ्यावा लागतो. दाखल करून घेण्यासाठी रुग्णालय तुमच्याकडे पैसे मागू शकत नाही आणि तुम्हाला थांबवूनही ठेवू शकत नाही. तुमच्याच गाडीची धडक बसली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे हे संरक्षण नाही, आणि जखमीला उपचार मिळवून देणे हे चालकाचे कायदेशीर कर्तव्यच आहे.

‘आधी पोलिसांना येऊ द्या, मग बघू’ असे कोणी डॉक्टर म्हणाले तर नम्रपणे सांगा: जीव वाचवण्याला आधी प्राधान्य, कागदपत्रे नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच स्पष्ट केले आहे. पैशांची चिंता असेल तर २०२५पासून रस्ते अपघातातल्या जखमीला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतच्या कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना आहे. प्रवेश खिडकीवर तिची चौकशी करा.

सोपवणे

शोमरोनी दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेने गेला. उपदेशांत याकडे फारसे लक्ष जात नाही. त्याने घर-धंदा सोडून जखमीच्या उशाशी महिनाभर तळ ठोकला नाही. जबाबदार माणसाच्या हाती सोपवले, खर्चाचे बोलला, परत येण्याचे ठरवले. तुम्हीही तेवढेच करा, पण नीट करा. अपघात किती वाजता झाला, माणूस कधीपासून बेशुद्ध आहे, काय प्रथमोपचार केले, हे कागदावर लिहून डॉक्टरांच्या हाती द्या. पाकीट, दागिने, फोन दोन साक्षीदारांसमोर मोजून यादी करा आणि रुग्णालयाच्या किंवा पोलिसांच्या ताब्यात देऊन सही घ्या. घरच्यांना फोन करताना ‘अपघात झाला आहे, अमुक रुग्णालयात आणले आहे, डॉक्टर बघत आहेत’ एवढेच बोला. गेला की आहे, हे सांगणे डॉक्टरांचे काम आहे.

फोटो आणि व्हिडिओ काढू नका. दुसऱ्याला काढू देऊ नका. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये ही शिकवण व्हॉट्सअॅपलाही लागू आहे.

उतारशाळा कोणीतरी चालवत असतो म्हणून सोपवता येते, हेही ध्यानात घ्या. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडले, पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो निराधार मुलींना केडगावला आणले, डॉ. आरोळे दांपत्याने १९७०मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. रस्त्यावर थांबणाऱ्याइतकीच उतारशाळा उघडी ठेवणाऱ्यांचीही गरज आहे. तुमचा दशांश, म्हणजे देवासाठी काढलेला कमाईचा दहावा भाग, कुठे जातो याचा विचार करताना हे मनात असू द्या.

प्रार्थना करावी का

मनात, अखंड. हात कामात असताना प्रार्थना जास्त खरी होते असे मला वाटते. मोठ्याने करायची असेल तर आधी विचारा: ‘मी तुमच्यासाठी प्रार्थना करू का?’ नको म्हणाला तर नको. वेदनेत पडलेल्याच्या हातात धर्मप्रचाराची पत्रिका देऊ नका, त्याच्या बेशुद्ध देहावर आपल्या विश्वासाचे शब्द लादू नका. शोमरोन्याने पट्टी बांधताना एक शब्दही उपदेश केल्याचे लूक लिहीत नाही. पुढे कोणी विचारले की तुम्ही का थांबलात, तर मात्र संकोच न करता प्रभूचे नाव घ्या.

जखम दिसत नाही तेव्हा

एसटी स्टँडवर दिवसभर एकाच बाकावर बसलेली म्हातारी, फलाटावर एकटे पोर, कचऱ्यातले अन्न खाणारा मनोरुग्ण. मत्तयाच्या २५व्या अध्यायात ‘मी परका होतो’ असे प्रभू म्हणतो तेव्हा तो यांच्यातूनच बोलत असतो. मुलांसाठी १०९८, वृद्धांसाठी १४५६७, रेल्वेत १३९. मुलाला स्वतःच्या घरी नेऊ नका, हेतू कितीही चांगला असला तरी. मदत येईपर्यंत चारचौघांत त्याच्याजवळ बसा.

भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षण देणे हे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने पोलीस ठाण्याचे कर्तव्य आहे. त्या कायद्यातल्या कलम १००चा उल्लेख करून बोला, फरक पडतो. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था अशा माणसांना बरे करून घरी पोहोचवते, नगरजवळ शिंगव्याला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे बेघर मनोरुग्ण स्त्रियांना सांभाळतात. ही ख्रिस्ती मंडळीची कामे नव्हेत. प्रभूच्या गोष्टीत थांबलेला माणूसही आपल्यातला नव्हता. त्यांच्याकडून शिकायला आपल्याला अवघड वाटू नये.

मंडळीत सराव

एवढे सगळे वाचून आठवत नाही, हातांनी करून आठवते. रेड क्रॉस किंवा सेंट जॉन अँब्युलन्सच्या प्रशिक्षकाला एखाद्या रविवारी उपासनेनंतर बोलवा. तरुण संघ आणि महिला मंडळ दोघांनीही जमिनीवर बसून छाती दाबण्याचा सराव करावा, एकमेकांना पट्ट्या बांधाव्यात, एकाच रेषेत कुशीवर वळवून पाहावे. शब्बाथशाळेतल्या (मंडळीच्या बालवर्गातल्या) मुलांना निदान १०८ला फोन करून पत्ता सांगणे आलेच पाहिजे. मंडळीच्या फलकावर जवळची अशी रुग्णालये लिहून ठेवा जिथे रात्री शल्यचिकित्सक असतो. नुसते जवळचे रुग्णालय पुरत नाही.

आणि थांबलेल्या माणसाची विचारपूस करा. तुम्ही सगळे बरोबर करूनही माणूस वाचत नाही, असे होते. हातावरचा रक्ताचा वास, त्याच्या बायकोचा फोनवरचा आवाज दिवसेंदिवस पाठ सोडत नाही. ही विश्वासाची उणीव नाही. पाळकांशी बोला, घरच्यांशी बोला. आठवड्यानंतरही झोप लागत नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या (मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या) क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येते, आणि पैसे लागत नाहीत.